हयात अपत्यांची संख्या

जांभूळटोला, ता. सावली
४ डिसेंबर २०१६

ती. कुंताबाई,

पाया पडते. तीन दिवस झाले, तू फोन करतेस आणि मी उचलत नाही. राग मानू नको. यापुढे फोन करूच नको. आजकाल लोक फोनवरचं बोलणं टेप करून ठेवतात आणि भर सभेत ऐकवतात. पंचायत समितीच्या एका सदस्याचं मागच्या महिन्यात असंच झालं. कागद बरा. वाचून झाला की चुलीत घाल.

फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक आहे. माझा गट याही वेळी बाईसाठी राखीव निघाला, म्हणून मी निर्धास्त होते. पाच वर्षांत उपकेंद्रात नर्स मुक्कामाला आली, धिवरांच्या मासेमारी सोसायटीला त्यांचा तलाव परत मिळाला, नदीकाठच्या चार गावांत नळ गेले. पक्षाचं तिकीट माझ्याशिवाय कोणाला जाणार, असं वाटत होतं. आता चंचलनं तिकीट मागितलं आहे. तू तिला पाहिलं नाहीस. बचत गटाच्या मेळाव्यात जिच्या हातात मी पहिल्यांदा माईक दिला, तीच. गावोगाव फिरून सांगते, 'ताईंचं काम पाहिलं, आता ताईंचं घर पण पाहा.' घर पाहा म्हणजे काय, ते मला कळलं. तुलाही कळेल.

म्हणून विनंती आहे. संक्रांतीला आचलला घेऊन इकडे येऊ नको. कोणी काही विचारलं तर एकच सांग, आचल माझी. आणि ते खोटंही नाही. तूच वाढवली तिला.

भाऊजींना नमस्कार.

मंजुषा


वडसा
९ डिसेंबर

मंजुषा,

तुहा कागद भेटला. चूल कुठी हाये आता, गॅस हाये. फाडून टाकला.

'आचल माझी असं सांग' म्हणतेस. साडेतीन वर्सं मी दुसरं काय सांगून राह्यली? तुह्या पोटची हाये हे तुले, तुह्या गोपालभाऊले, मले अन् ह्यायले, चौघाईलेच माहीत. तू निवडून आली अन् वर्साच्या आत तुले तिसऱ्यांदा दिवस गेले. दोनाच्या वर लेकरं झाली तं सीट जाते म्हणे. तू कावीळ झाली असं गावात सांगून माह्याकडे येऊन घरात लपून राह्यली, दवाखान्यात आपलं नाव कुंता लिवून देल्लं, अन् बाराव्या दिवशी पोरगी माह्या मांडीवर ठेवून गाडीत बसली. लग्नाले अकरा वर्सं होऊन मले लेकरू नव्हतं. मी तुह्यावर तवाबी रागावली नाई. मले तं देवच पावला होता. मोहल्ल्यात सांगतलं, नात्यातली पोर हाये, आता आमची. कोणी जास्त इचारलं नाई.

आता चांगलं सांगतो. नाटकाचा सीझन जोरात हाये. बँकेपुढं लायनी लागल्या तरी लोकाईचं नाटक काही थांबलं नाई. ह्यायले तीन कंपन्यांचे पडदे रंगवाचे हायेत. अंगणात राजवाड्याचा पडदा वाळत टाकला होता तं आचलनं निळ्या रंगात हात घालून त्यावर कोंबडी काढली. हे रागावले नाई. म्हणे, 'राह्यू दे, राजाच्या घरी कोंबडी नसन काय?' तो पडदा तसाच गेला.

अन् परवा एक पोरगी आलती. अंगणवाडीचा सर्वे करून राह्यली म्हणे. लय गोड बोलते. माह्या हातचा चहा प्याली, आचलच्या केसाले दोन पिना लावून देल्या. इचारे, कोणत्या दवाखान्यात झाली, किती वजनाची होती. मले वजन सांगता नाई आलं. तं हासून म्हणे, 'मायले वजन नाई माहीत?' मंग आचलचा फोटो काढून नेला. सर्कारी कामाले लागते म्हणे. अशा पोरी पायजेत कामाले. नाव इचाराचं राहून गेलं.

आचल इचारते, मावशी कवा येईन. काय सांगू?

कुंता


जांभूळटोला
१३ डिसेंबर

कुंताबाई,

ती चंचल होती. अंगणवाडीचा कोणताही सर्वे सध्या नाही, मी खात्री केली. तू तिला चहा पाजलास, वर फोटो काढू दिलास. कोणी दारात आलं की आधी नाव तरी विचारावं ना बाई! आचलचा चेहरा म्हणजे माझा लहानपणचा चेहरा. फोटो पाहिला तर आंधळ्यालाही कळेल.

वकिलाला मी दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन विचारलं. तो म्हणाला, लेकरू दत्तक दिलं तरी मोजणीत येतं. जन्म दिला म्हणजे दिला. शिवाय दवाखान्यात खोटं नाव सांगितलं, ते वेगळंच.

तू आचलला घेऊन महिनाभर कुठंतरी जा. मोहर्लीला भाऊजींची बहीण आहे ना, सोनीबाई? तिकडे जा. तिथे रोज शंभर परके येतात आणि जातात, कोणी लक्ष देणार नाही.

तुला वाटेल मी खुर्चीसाठी वेडी झाले. तसं नाही. मी गेले तर तो तलाव पुन्हा ठेकेदाराकडे जाईल. नर्स बदलून जाईल. माणसं माझ्या भरवशावर आहेत, बाई.

वाईट बोलले असेन तर माफ कर.

मंजुषा


मोहर्ली
२२ डिसेंबर

मंजुषा,

आमी इथी आलो. ह्यायले एकटं सोडून आली, जेवणाचे हाल होऊन राह्यले असतीन.

सोनीबाईचं घर जंगलाच्या गेटापासून जवळ हाये. पाहाटे पाचपासून जिपा लागतात. मोठमोठ्या शहरातले लोक इथी वाघ पाहाले येतात, अन् आमी लपाले आलो. आचलले मजा वाटते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जिपेले हात दाखवते. मी तिचा हात खाली घेतो तं म्हणते, 'काऊन माय? ते आपले कोणी नाई होत काय?'

तू लिवलं, माणसं तुह्या भरवशावर हायेत. खरं हाये. तू चांगलं काम केलं, मी कोणालेबी सांगीन. पण त्या कागदात आचलची तब्येत कशी हाये, हे एकदाबी इचारलं नाई. तिले खोकला झाला होता. आता बरा हाये.

कुंता


जांभूळटोला
५ जानेवारी २०१७

ती. कुंताबाई,

मोठं संकट टळलं. आता वडशाला परत गेलीस तरी चालेल.

काल चंद्रपूरला विश्रामगृहावर मुलाखती झाल्या. टेबलापलीकडे निवड मंडळाचे पाच जण, मधोमध गुणवंतराव. तीस वर्षं जिल्ह्यातली तिकिटं त्यांच्याच हातून जातात. ते कमी बोलतात आणि माणसाकडे फार वेळ पाहतात. आधी कामाचं विचारलं. मी फाईल उघडली, गावागावांचं सांगितलं. मग त्यांनी चंचललाही आत बोलावलं. म्हणाले, 'समोरासमोर होऊन जाऊ द्या.' चंचलनं टेबलावर फोटो ठेवला. निळ्या रंगानं माखलेले हात आणि केसात दोन पिना.

गुणवंतरावांनी विचारलं, 'मंजुषाबाई, ही पोरगी कोणाची?'

मी म्हटलं, 'माझ्या बहिणीची.'

ते फोटोकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, 'बरं.' एवढंच झालं. बाहेर आले तेव्हा चंचलचं तोंड उतरलेलं होतं. तिकीट माझंच, असं दोघा-तिघांनी येऊन सांगितलं.

आचलसाठी लाल फ्रॉक पाठवते आहे. तिचं माप मला नेमकं माहीत नाही, थोडा मोठाच घेतला. खोकला गेला ना? मागच्या वेळी विचारायचं राहिलं, ते मनाला लागून आहे.

तुझी,
मंजुषा


वडसा
१४ जानेवारी

मंजुषा,

फ्रॉक भेटला. मोठा होते.

एवढंच झालं म्हणून लिवलं तू. लटारू तुह्याच पक्षाचा इथला माणूस. मुलाखतीच्या वक्ती तो दाराशी बसून होता. ह्यायले नाटक कंपनीच्या हापिसात भेटला अन् सारं सांगून गेला. त्याले काय माहीत ह्यायले कसं लागन. हे घरी आले अन् चप्पल न काढता खाटेवर बसून राह्यले.

चंचलनं इचारलं म्हणे, 'बहिणीले अकरा वर्सं लेकरू नाई, मंग एकदम कुठून आली?' अन् तू म्हणाली, 'ते मला काय माहीत? लेकरासाठी वेडी झाली होती ती. आणली असेल कुठून तरी. कोणाची, कोणत्या घरची, देव जाणे. मी तर त्या पोरीला कधी हातसुद्धा लावला नाही.'

असं म्हणाली काय तू? लटारू खोटं सांगत असन तं लिव. मी तुह्यावर भरवसा ठेवीन.

ते बोलणं आता चंद्रपुरात नाई राह्यलं. मंगळवारी दोन मॅडम अन् एक पोलीसबाई घरी आल्या. कोणीतरी अर्ज देल्ला म्हणे, या घरात उचलून आणलेली पोर हाये. दाखल्यावर मायचं नाव माहं, अन् शेजारच्या बाया सांगतात हिले तं दिवसच गेले नव्हते. त्यायनं इचारलं, 'पोरगी कुठून आणली?' मी म्हणली, माही हाये. 'मग डॉक्टरकडे चला, रक्त तपासू.' मी आचलले कडेवर घेतलं. वीस तारखेले बालकल्याण समितीपुढं बलावलं हाये. खरं सांगतलं नाई तं पोरगी बालगृहात जाईन, अन् माह्यावर केस.

खरं काय हाये ते मले माहीत हाये. ते सांगू का नको, तू सांग. तुहं नाव माह्या तोंडून जावं असं मले वाटत नाई. पण आचल जावी असंबी वाटत नाई.

लवकर लिव.

कुंता


जांभूळटोला
१७ जानेवारी

बाई,

लटारू खोटं बोलला नाही.

ते शब्द तोंडातून कसे निघाले, कळलं नाही. चंचल सारखी विचारत होती आणि पाचही जण माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं खोलीतलं बोलणं खोलीतच राहील.

पण आता माझं ऐक. तीस तारखेपर्यंत पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म हातात येतो, एक तारखेला अर्ज भरणं संपतं. सोळाला मतदान. एवढे दिवस निघू दे. समितीपुढे सांग, दूरच्या नात्यातली बाई बाळंतपणात गेली, तिची पोर आहे. नाव आठवत नाही म्हण. निवडून आले की मी स्वतः अधिकाऱ्यांशी बोलते. सभागृहात ओळखी आहेत. आचलला नेलंच तरी चार दिवसांचा प्रश्न आहे. तिथे जेवण-खाण चांगलं असतं, मी एकदा पाहणीला गेले होते.

तुझ्या पाया पडते. एवढं एकदा कर.

मंजुषा


वडसा
२१ जानेवारी

मंजुषा,

आचलले नेलं.

तू सांगतलं ते खोटं मले सांगता नाई आलं. मेलेली बाई कुठून आणू? खरंबी नाई सांगतलं. एक तास त्या मॅडम इचारत होत्या, मी मुकी राह्यली. ह्यायनं दोनदा माह्याकडे पाह्यलं. मी मान हालवली. ते तोंड फिरवून बसले.

तिले तोच लाल फ्रॉक घालून नेलं होतं. मॅडमनं हात धरला तं ती गेली. तिले वाटलं फिराले नेतात. गाडीत बसल्यावर खिडकीतून इचारते, 'माय, तू मागच्या गाडीत येतेस काय?' मी हो म्हणली.

तिच्याशी बोललेली आखरी गोष्ट खोटी हाये, अन् ते तुह्यापायी हाये.

आता मले कागद लिवू नको.

कुंता


जांभूळटोला
२५ फेब्रुवारी

ती. कुंताबाई,

तू लिहू नको म्हणालीस, तरी लिहिते आहे. समितीपुढे आपण तीनदा समोरासमोरच्या बाकांवर बसलो आणि तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. तिथे तुला कळलं ते निकालापुरतं. त्याआधीचं तुला कोणी सांगितलेलं नाही. ऐकून तुझं मन माझ्याबद्दल बरं होईल, असं काही त्यात नाही.

तीस जानेवारीला गुणवंतरावांनी बोलावून एबी फॉर्मचं पाकीट हातात दिलं. मी त्यांच्या पाया पडले. घरी पेढे वाटले. तेव्हा आचलला बालगृहात दहा दिवस झाले होते आणि मी पेढे वाटले, बाई. हे तुला कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज भरायला बसले. घोषणापत्रात एक रकाना असतो, 'हयात अपत्यांची संख्या'. मी थांबले. हे बाजूलाच बसले होते. म्हणाले, 'लिही ना. दोन.' मी दोन लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्या आकड्याकडे पाहत बसले. बाहेर तीन गाड्या उभ्या होत्या, बायका हिरव्या साड्या नेसून आल्या होत्या, ढोल होता. मी त्यांना म्हटलं, 'तुम्ही सावलीला तहसीलमध्ये जाऊन थांबा, मी एक काम करून येते.' आणि गाडी नदीचा पूल ओलांडून गडचिरोलीकडे घ्यायला लावली.

मी खरं सांगायला निघाले होते, असं समजू नको. मला फक्त तिला लांबून पाहायचं होतं. पाहिलं की सही करता येईल, असं वाटलं.

बालगृहात भेटायला येणाऱ्यांची वही असते. अधीक्षकबाई म्हणाल्या, 'नाव लिहा, नातं लिहा.' मी नात्याच्या जागी 'मावशी' लिहिलं. तिथेही. त्या मला ओळखत होत्या, जिल्हा परिषदेच्या ताई म्हणून खुर्ची दिली.

आचल आली. केस बारीक कापलेले होते, अंगावर दुसऱ्याच कोणाचा निळा झगा. ती माझ्याजवळ आली नाही, दाराला टेकून उभी राहिली. तिच्यासोबत एक मोठी पोर होती. तिनं विचारलं, 'कोण गं ही तुझी?'

आचल म्हणाली, 'मावशी होय. ते गाडीतून उतरत नाई.'

तुला आठवतं का गं? दिवाळीत मी वडशाला एका सत्काराला आले होते. तुझ्या दारापुढे गाडी थांबवली आणि खाली उतरले नाही. कोणी पाहील म्हणून. तू तिला उचलून खिडकीशी आणलंस, मी काचेतून चॉकलेट दिलं. मला वाटायचं, चार वर्षांच्या आतलं लेकरू, त्याला काय कळतं.

मी तिला म्हटलं, 'आज उतरली ना मी.' ती म्हणाली, 'माय मागच्या गाडीत हाये काय?'

मी वहीकडे परत गेले. 'मावशी' खोडलं आणि 'आई' लिहिलं. अधीक्षकबाईंनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

तिथूनच गुणवंतरावांना फोन केला. म्हटलं, पोरगी माझी आहे, मी अर्ज भरत नाही. ते म्हणाले, 'तुझी आहे हे मला फोटो पाहिला तेव्हाच समजलं होतं. नाक-डोळे लपतात काय? मी काही विचारलं का? जिंकणारी तू होतीस म्हणून तुला दिलं. आता उगाच शहाणपणा करू नको. तीनच्या आत फॉर्म टाक, पोरीचं नंतर पाहू.'

बाई, 'नंतर पाहू' हे माझंच वाक्य होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी तुला तेच लिहिलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते कसं आहे ते कळलं.

तहसीलला गेले. हिरव्या साड्यांच्या बायका टाळ्या वाजवत पुढे आल्या. मी गाडीतून उतरून त्यांना तिथेच सांगितलं. ढोलवाल्याला कळलं नाही, तो मागे वाजवतच होता. कोणीतरी जाऊन त्याचा हात धरला. कोणी शिवी दिली नाही. धिवर सोसायटीचे झिंगूबुवा तेवढं म्हणाले, 'ताई, तलावाच्या वक्ती तुम्ही आमच्यासाठी कलेक्टरशी भांडल्या. स्वताच्या लेकरासाठी एवढा वेळ लागला?' त्यांनी टोमणा मारला नाही. खरोखरच विचारत होते.

एबी फॉर्म परत केला, दुसऱ्या दिवशी तो चंचलला मिळाला. ती परवा निवडून आली. मतदानाआधी एकदा माझ्याकडे आली होती. ओट्यावर बसली, आत आली नाही. म्हणाली, 'अर्ज मी दिला होता, ताई. मला वाटलं तुमची चौकशी होईल. लेकराला उचलून नेतील हे माझ्या ध्यानात नव्हतं. मला फक्त तिकीट पाहिजे होतं.' मी म्हटलं, 'मलाही तेवढंच पाहिजे होतं.' मग ती गेली.

समितीपुढे मी सगळं सांगितलं ते तू ऐकलंस. दवाखान्यात मीच खोटं नाव दिलं, कुंताबाईचा दोष नाही, हे मी लिहून दिलं. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की आचल तुझ्याकडे परत येईल. समितीच्या मॅडम म्हणाल्या, 'कायद्यानं जन्मदाते आईवडील हयात आहेत आणि सांभाळू शकतात. पोरगी त्यांच्याकडे जाईल. बहिणीला द्यायची असेल तर कोर्टातून रीतसर द्या, वेळ लागेल.' तेव्हा तू पदर तोंडाला लावून बाहेर गेलीस. खोटं बोलून मी तिला तुझ्याकडून नेलं, आणि खरं बोलूनही नेलं.

परवापासून ती इथे आहे. थोरला प्रणित माझ्याशी बोलत नाही. चौदा वर्षांचा झाला, त्याला सगळं कळतं. पण रात्री भिंतीकडची आपली जागा त्यानं तिला दिली. हे मला म्हणाले, 'बाराव्या दिवशी गाडी मीच चालवत होतो. तू एकटीनं नाही केलं.' चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो.

काल उपकेंद्रातली नर्स आली. घरोघरच्या नोंदी करत होती. विचारलं, 'ताई, लेकरं किती?' मी तीन म्हटलं. तिनं मान खाली घालून लिहिलं, आणि नंतरही वर पाहिलं नाही.

आचल जेवत नाही. सकाळपासून दारात बसते आणि 'माय, माय' म्हणून हाका मारते. समितीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, आता तुम्हीच आई, तिला सवय करा. म्हणून मी धावत जाते, 'काय गं बाळा' म्हणते. ती माझ्याकडे पाहते आणि पुन्हा दाराकडे तोंड करते.

कोर्टाचे कागद मी सोमवारीच करायला टाकले आहेत. वर्ष लागेल म्हणतात. मी तुझ्याकडे काय मागू, मला तोंड नाही. तिला काय करू ते फक्त सांग.

मंजुषा


वडसा
१ मार्च

मंजुषा,

पोरगी उपाशी हाये म्हणून लिवून राह्यली. तुह्यासाठी नाई.

भात घट्ट खात नाई. पेज कर, वरून थोडं मीठ टाक. थाळीत नको देऊ, वाटीत दे, अन् तू समोर बसू नको, आपलं काम करत राह्य. कोणी पाहून राह्यलं की ती खात नाई. तुह्या मासळीवाल्याईनं बारीक मासे आणले तं काटे काढून देजो. झोपतानी कान चोळून मागते, तोंडानं नाई सांगत, डोकं आपल्या हाताखाली घालते. ते समजून घे. कुत्र्याले भेत नाई, पाण्याले भेते. डोक्यावरून एकदम पाणी टाकू नको.

हे पडदे रंगवाचं सोडून बसले होते. काल मी त्यायच्या हातात ब्रश देल्ला. खाणार काय मंग?

मी तुले माफ केलं असं समजू नको. कोर्टात वर्स लागन म्हणतेस. लागू दे. मी येऊन राह्यली. वडशावरून सकाळची पहिली बस पकडतो, दुपारपर्यंत तुह्या दारात येतो. गावातले लोक पाहतीन तं पाहू दे, तुह्याच ओट्यावर राहीन, अन् पोरीजवळ झोपीन. गोपालभाऊले सांगून ठेव. प्रणितच्या अंथरुणाले धक्का लावू नको, मी खाली झोपीन.

अन् एक गोष्ट त्या मॅडमले माहीत नाई, तुले माहीत असाले पायजे. मी येईपर्यंत पोरगी 'माय' म्हणून हाका मारन. तिले जवळ घे, खाऊ-पिऊ घाल, रडली तं रडू दे. पण तू 'ओ' देऊ नको. ते हाक माही हाये.

कुंता